हरिण कोणाच्या सातबाऱ्यावर?

अमेरिकन शिकाऱ्यांच्या व्हिडिओंमध्ये एक ठरलेला प्रकार असतो. एक माणूस शहरापासून दूर कुठेतरी पन्नास-शंभर एकर जमीन विकत घेतो. कारण एकच, तिथे हरणं येतात. मग तो आपल्याला फिरवून दाखवतो. पाणी इथे, हरणांची वाट इथून, त्यांना आवडणारा चारा या तुकड्यात पेरायचा, मचाण त्या झाडावर. टेक्सासमध्ये बहुतेक सगळी जमीन खासगी आहे, त्यामुळे शिकारीच्या हंगामापुरतं रान भाड्याने देणं हा तिथल्या जमीनमालकांचा रीतसर जोडधंदा आहे. कायद्याने हरिण सगळ्यांचं, पण त्याच्यापर्यंत जायची वाट मालकाची.

भंडारा जिल्ह्यात बसून हे बघताना आधी गंमत वाटते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ मारणं हा गुन्हा आहे. ते तुमच्या बांधीत आपोआप मरून पडलं तरी सरकारी मालमत्ता ठरतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायलाच परवानगी लागते, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घेणं त्याहून अवघड. म्हणजे तो व्हिडिओ इथे घडूच शकत नाही.

पण हौस घडते. कोका आणि नागझिऱ्याच्या आसपास 'जंगलाला लागून' एवढ्या दोन शब्दांवर जमिनीचा भाव बदलतो. घेणाऱ्याला धान पिकवायचं नसतं. त्याला सकाळी व्हरांड्यातून चितळ दिसायला हवं असतं. बंदुकीच्या जागी मोबाइल आला एवढंच. हरिण मिळावं म्हणून जमीन घ्यायची, ही मूळ कल्पना तीच आहे.

या हौसेला मराठीत शब्द कुठून मिळाले, हा मला पडलेला वाङ्मयीन प्रश्न. माझं उत्तर थोडं अडचणीचं आहे: आपल्या आवडत्या जंगलपुस्तकांतून. म्हणून ती पुन्हा वाचताना मी एकच गोष्ट शोधत गेलो. लिहिणारा माणूस त्या जमिनीवर कोण म्हणून उभा आहे? मालक, पाहुणा, की नोकर?

आधी इथल्या मालकीबद्दल दोन शब्द. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि इथे मालगुजारी होती. गावाचा मालगुजार सारा गोळा करायचा आणि गावातल्या जंगलावरही त्याचा हक्क चालायचा. साहेबांसाठी राखीव जंगलात शिकारीचे परवाने होते, गावच्या जंगलात मालगुजाराची मर्जी. १९५०च्या कायद्याने मालकी हक्क संपले, १९५१ मध्ये ही जंगलं सरकारकडे गेली. तलावांना लोक अजून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. जंगलाला मात्र असं नाव उरलं नाही. तिथे कधीकाळी कोणी मालक होता हे आपण विसरलो. पुढे नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये झालं आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये. तेव्हा दोन्ही भंडारा जिल्ह्यातच होती, गोंदिया वेगळा झाला तो १९९९ मध्ये.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' हे या रानावरचं सगळ्यांना माहीत असलेलं पुस्तक. माडगूळकर माणदेशातले, नोकरी पुण्याच्या आकाशवाणीत. तरुणपणी बंदूक घेऊन रानं हिंडलेला हा लेखक नागझिऱ्याला आला तो नुसतं बघायला. त्यांच्या गद्यातून बंदूक गेली, पण शिकाऱ्याची नजर राहिली, असं मला वाटतं. वारा कुठला, माग ताजा की शिळा, जनावर आत्ता काय करील, हे ज्याला कळतं त्याचं हे लेखन आहे. वाक्यं छोटी, विशेषणं मोजकी. हरिण दिसलं म्हणून ते गहिवरत नाहीत, ते थांबतात. आज रोजच्या रीलमध्ये हरणामागे बासरी वाजते, त्या काळात हे थांबणं फार मोलाचं आहे.

आणि माडगूळकर स्वतःला कधी मालक समजत नाहीत. ते पाहुणे आहेत, मुक्काम संपला की परत जाणारे. त्यांच्या संयमाचा उगम मला यात दिसतो, आणि पुस्तकाची मर्यादाही. पाहुण्याला घरातलं भांडण दिसत नाही. पुस्तकाचा मुक्काम अभयारण्याच्या आत आहे, म्हणून त्यातलं हरिणही आतलंच आहे. संध्याकाळी तेच हरिण हद्द ओलांडून कोणाच्या शेतात उतरतं, हा त्या पुस्तकाचा विषयच नाही.

मारुती चितमपल्लींची गोष्ट वेगळी. ते वनखात्याचे अधिकारी, नोकरीची बरीच वर्षं याच भागात काढलेली. सोलापूरला जन्म, २००६ मध्ये तिथल्याच साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, २०२५ मध्ये पद्मश्री आणि त्याच वर्षी जूनमध्ये निधन. 'नवेगावबांधचे दिवस' किंवा 'रानवाटा' वाचताना जाणवतं की हा माणूस पाहुणा नाही. रान राखणं हे त्याचं काम आहे. आणि त्याला ते शिकवणारी माणसं गावातली आहेत. नवेगावचे माधवराव पाटील हे त्यातलं ठळक नाव. रान ओळखायचं कसं याचे धडे पुस्तकातून येत नाहीत, अशा माणसांकडून येतात, हे चितमपल्लींनी मोकळेपणाने लिहिलं. झाडापक्ष्यांची शेकडो स्थानिक नावं त्यांच्यामुळे छापील मराठीत आली.

माझी तक्रार इथे सुरू होते. चितमपल्लींच्या पुस्तकांत गावकरी भरपूर आहेत, पण ते बहुतेक वेळा जाणकार म्हणून येतात. नाव सांगणारे, माग दाखवणारे, आख्यायिका ऐकवणारे. त्यांच्याकडून शब्द घेतले जातात, त्यांचा हिशेब घेतला जात नाही. ऐकीव आणि पाहिलेलं यांतली रेषाही कधी कधी पुसट होते आणि रान जादूचं होऊन जातं. वाचणाऱ्याला मग त्या जादूचा एक तुकडा हवा होतो. फार्महाऊसचा गिऱ्हाईक तिथेच तयार होतो.

तुलनेसाठी तिसरं पुस्तक घेतो, आणि ते अमेरिकेतलं आहे, कारण तिथे लेखक खरोखर मालक आहे. आल्डो लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवायचा, विषयच शिकारीच्या जनावरांचं व्यवस्थापन. १९३५ मध्ये त्याने विस्कॉन्सिन नदीकाठी एक उजाड झालेलं शेत विकत घेतलं, ते शिकारीचा तळ म्हणून. म्हणजे आपल्या व्हिडिओतला माणूसच. तिथे उभी असलेली एक कोंबड्यांची खोपी दुरुस्त करून घरातले सगळे सुट्टीला तिथे राहायचे. मग जमीन इतकी मेलेली आहे हे बघून त्यांनी झाडं लावायला घेतली, हजारोंनी. दुष्काळात त्यातली कितीतरी वाळली, पुन्हा लावली. त्यातून 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक झालं. १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना लिओपोल्ड गेला आणि पुस्तक पुढच्या वर्षी आलं.

त्यातला एक छोटा निबंध लांडग्यांवर आहे. तरुणपणी लिओपोल्डला वाटायचं, लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, म्हणजे शिकाऱ्यांचा स्वर्ग. पुढे त्याने लांडगे संपलेले डोंगर पाहिले. हरणं इतकी वाढली होती की त्यांनी डोंगर बोडके केले आणि शेवटी स्वतःही उपाशी मेली. हरिण हवं असणं आणि रान हवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो मालक झाल्यामुळे शिकला असं मी म्हणणार नाही. पण त्या जमिनीचा खर्च, घाम आणि आग त्याच्या वाट्याला आली, आणि ती त्याच्या गद्यात उतरली. त्याचीही एक गप्प जागा आहे. ती जमीन आधी हो-चंक लोकांची होती, आणि त्यांच्याबद्दल पुस्तक जवळजवळ काही बोलत नाही.

आता धुऱ्यावर या. माझ्या मामाची शेती कोका अभयारण्याजवळ आहे. बांधीत धान, धुऱ्यावर तूर, धान निघायच्या आधी त्यातच टाकलेली लाखोळी. रोवणी झाल्यापासून चुरणा होईपर्यंत रात्री जागलीला कोणीतरी जातंच. हातात बॅटरी, पत्र्याचा डबा, थंडीत शेकोटी. रानडुक्कर आणि रोही लोळवून, तुडवून जातात, चितळं कोवळे शेंडे खुडतात. मग अर्ज, पंचनामा, आणि भरपाई येते तेव्हा येते. मामाला चितळाचा राग नाही. त्याला त्याचा आवाज, वेळ, वाट सगळं माहीत आहे, माडगूळकरांना असेल तितकंच. फरक एवढाच की तो थांबून बघत नाही, डबा वाजवतो.

शेजारचं शेत विकलं गेलं आणि तिथे कोणी हिरवळ लावून पाणवठा केला, तर हरणं तिथे जास्त येतील. तो फोटो काढील. रात्री तीच हरणं मामाच्या तुरीत येतील. हौस एकाची आणि चारा दुसऱ्याचा, हा व्यवहार कुठल्याच खरेदीखतात लिहिलेला नसतो. आपल्या जंगलसाहित्यातही तो लिहिलेला नाही, आणि ही उणीव मला सौंदर्याच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

यावर कोणी म्हणेल, कादंबरीकाराने नुकसानभरपाईवर लिहायचं का? मी म्हणतो, जागलीवर लिहावं. एक माणूस रात्रभर एका जनावराची वाट पाहतो, ते येऊ नये म्हणून. शिकारकथेत असतं ते सगळं यात आहे: अंधार, कान, भीती, चुकलेला अंदाज. फक्त शेवटी ट्रॉफी नाही, पोतं आहे. झाडीबोलीत यासाठी लागणारे शब्द तयार आहेत, ते छापायला कोणी थांबलेलं नाही.

तोवर 'नागझिरा' वाचाच. गप्प बसून कसं बघायचं हे त्याच्याइतकं नेटकं मराठीत फार थोड्यांनी शिकवलंय. चितमपल्ली वाचा, निदान समोरच्या झाडाचं नाव कळेल. फक्त वाचून झाल्यावर जमिनीच्या जाहिरातीखाली नंबर लावायच्या आधी एकदा रात्री बाजूच्या शेतावर जाऊन बसा. थंडीचे दिवस निवडा, धान उभं असताना.