‘आय, डॅनियल ब्लेक’ : एकट्याचे नाव आणि लोकांचा लढा

प्रस्तावना

कल्याणकारी राज्याच्या धोरणांची चिकित्सा करणाऱ्या कलाकृतींत गरिबांच्या दुःखाचे चित्रण विपुल आढळते. त्या दुःखाविरुद्ध गरिबांनी संघटितपणे उभारलेल्या लढ्याचे चित्रण मात्र विरळाच. ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ हा चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पॉल लॅव्हर्टी यांच्या पटकथेवर आधारलेल्या या चित्रपटास २०१६ च्या कान महोत्सवात ‘पाम दोर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अन्यायाचे इतके अचूक निदान करणारा हा चित्रपट प्रतिकार रंगविताना एकाकी व्यक्तीपाशीच का थांबतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांची क्रूरता

न्यूकॅसल येथील ५९ वर्षांचा सुतार डॅनियल यास कामावर असताना हृदयविकाराचा झटका येतो. डॉक्टर काम करण्यास मनाई करतात. परंतु शासनाच्या वतीने खाजगी कंपनीने केलेल्या तपासणीत तो कामास योग्य ठरविला जातो. काळ्या पडद्यावर केवळ ऐकू येणाऱ्या या तपासणीनेच चित्रपटाचा आरंभ होतो. हात वर करता येतो का, डोक्यावर टोपी घालता येते का, असे प्रश्न त्यास विचारले जातात. ज्या हृदयाने दगा दिला त्याची विचारपूस मात्र होत नाही. आजारपणाचा भत्ता नाकारला गेल्यावर बेकारभत्त्यासाठी अर्ज करण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि त्यासाठी आठवड्याला ३५ तास नोकरी शोधल्याचा पुरावा द्यावा लागतो. प्रकृतीमुळे जे काम स्वीकारता येणार नाही, तेच मागत त्याला दारोदार हिंडावे लागते.

लंडनमध्ये घर न मिळाल्याने दोन मुलांसह न्यूकॅसलला आलेली केटी रोजगार केंद्रात थोडी उशिरा पोहोचते, एवढ्यावरून तिचा भत्ता रोखला जातो. अन्नपेढीत भूक अनावर होऊन ती डबा तिथेच उघडून खाऊ लागते आणि लगेच लाजेने कोसळते. लोच यांनी येथे कोणीही खलनायक उभा केलेला नाही. डॅनियलला मदत करणाऱ्या अ‍ॅन या कर्मचारी स्त्रीलाच वरिष्ठांची बोलणी खावी लागतात. दोष माणसांच्या स्वभावात नसून नियमांच्या रचनेत आहे, हे या प्रसंगांतून प्रभावीपणे सूचित होते.

भिंतीवरचे नाव

अपिलाची तारीख मिळत नाही म्हणून डॅनियल रोजगार केंद्राच्या भिंतीवर रंगाने आपले नाव व मागणी लिहितो. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवतात, पोलीस त्याला घेऊन जातात आणि गर्दी पांगते. हा प्रसंग चित्रपटातील सर्वाधिक गाजलेला असला, तरी वैचारिकदृष्ट्या तोच सर्वांत दुबळा आहे. फायलीतील क्रमांकाऐवजी माणसाचे नाव उच्चारणे हा आत्मसन्मानाचा हुंकार खराच. परंतु समाज येथे केवळ प्रेक्षक उरतो. कृतीनंतर डॅनियल अधिकच एकटा पडतो, घरातील सामान विकतो, दार लावून बसतो.

यावर असे म्हणता येईल की, अर्जदाराला एकटे पाडणे हाच या धोरणाचा परिणाम आहे आणि चित्रपट तो यथातथ्य दाखवितो. हा युक्तिवाद ग्राह्य असला, तरी पुरेसा नाही. वास्तवात ही एकाकीपणाची कोंडी फोडणारे लोक त्या काळात ब्रिटनमध्ये कार्यरत होते. २०१० मध्ये अपंग व्यक्तींनीच खर्चकपातीविरुद्ध आपली संघटना उभी केली. तिच्या मागणीवरून संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने चौकशी केली आणि कल्याणकारी योजनांतील बदलांमुळे अपंगांच्या हक्कांचे गंभीर अथवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या काही आठवडे आधी हा चित्रपट ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला होता. चित्रपटात मात्र या चळवळीला स्थान नाही. त्यात मदत दिसते ती शेजाऱ्याची, केटीची आणि अन्नपेढीतील स्वयंसेवकांची. ही मदत माणुसकीची आहे. तिने एका दिवसाची भूक भागते, भत्ता रोखणारा नियम बदलत नाही. दया आणि हक्क यांतील हे अंतर चित्रपट दाखवितो, पण ते ओलांडणारी वाट दाखवीत नाही.

पन्नास वर्षांपूर्वीचा दाखला

लोच यांच्याच ‘कॅथी कम होम’ या दूरचित्रवाणी नाट्याशी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी बीबीसीवरून प्रसारित झालेल्या या नाट्यात बेघर झालेल्या कॅथीची मुले अखेरीस तिच्यापासून हिरावून घेतली जातात. त्याच वर्षी १ डिसेंबरला ‘शेल्टर’ ही संस्था स्थापन झाली. नाट्यामुळे संस्था जन्मली, अशी समजूत रूढ आहे. परंतु संस्थेची तयारी आधीपासूनच सुरू होती. त्याहीपूर्वी, १९६५-६६ मध्ये, केंट परगण्यातील किंग हिल येथील बेघरांच्या वसतिगृहात पतींना कुटुंबासोबत राहू न देण्याच्या नियमाविरुद्ध तेथील कुटुंबांनीच लढा दिला होता. नियम मोडून पती आत राहू लागले, त्यांपैकी काहींनी तुरुंगवासही पत्करला. अर्थात, नाट्याने जो क्षोभ जागविला त्याला सामावून घेणारे पात्र अगोदरच घडत होते.

निष्कर्ष

चित्रपटाच्या शेवटी डॅनियलसोबत अपिलास केटी येते, सल्लागारही मिळतो आणि निकाल अनुकूल लागण्याची चिन्हे दिसतात. नेमक्या त्याच वेळी त्याचा मृत्यू ओढवतो. त्या काळात न्यायाधिकरणापुढे सुनावणी झालेल्या अशा अपिलांपैकी निम्म्याहून अधिक निकाल अर्जदारांच्या बाजूने लागत असत. म्हणजेच लढाई जिंकता येण्याजोगी होती. सोबत मिळण्यास उशीर झाला. चित्रपटातील खरी शोकांतिका भिंतीवर पुसल्या जाणाऱ्या नावात नसून या उशिरात आहे. कलाकृती अन्यायाची चीड निर्माण करू शकते. त्या चिडेला मागणीचे रूप देणे आणि मागणी नियमापर्यंत पोहोचविणे हे संघटित लोकांचेच काम होय. ‘आय, डॅनियल ब्लेक’ पहिले कार्य समर्थपणे करतो. दुसऱ्या कार्याची जाणीव तो देतो ती मुख्यतः त्याच्या अभावातून, आणि म्हणूनच या चित्रपटाचा अभ्यास त्याकाळच्या लोकलढ्यांना बाजूला ठेवून पूर्ण होऊ शकत नाही.