सोडून गेलेली नर्स सॅम्पलमध्ये नसते

नर्स, निवासी डॉक्टर, लॅब टेक्निशियन नोकरी का सोडतात यावरचे पेपर मी गेलं वर्षभर वाचतेय. दहा-बारा वाचून झाले की तेरावा न उघडताच सांगता येतो. एका रुग्णालयात दोन-तीनशे जणांना प्रश्नावली द्यायची. काम आणि घर यांतली ओढाताण किती आणि नोकरी सोडायचा विचार किती, हे मोजायचं. मग दोन्हींचा सहसंबंध काढायचा. तो येतोच! शेवटी शिफारस: वेळेचं नियोजन, योग, समुपदेशन.

माझं भांडण शिफारशीच्या बरंच आधी सुरू होतं.

ओढाताणीची जी व्याख्या सगळे वापरतात ती ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांच्या १९८५ च्या पेपरमधली. वेळेची ओढाताण, ताणाची आणि वागण्याची, असे तीन प्रकार. शेवटचा म्हणजे वॉर्डात चालतो तो हुकमी सूर घरी चालत नाही, तसं काहीसं. त्याच पेपरमध्ये शिफ्टची नोकरी आणि न हलणारं वेळापत्रक ही कामाच्या बाजूची कारणंही मांडली आहेत. पुढे १९९६ मध्ये नेटेमायर आणि सहकाऱ्यांनी छोटी प्रश्नावली केली: काम घराच्या आड येतं यावर पाच विधानं, घर कामाच्या आड येतं यावर पाच. सुटसुटीत आहे, म्हणून खूप चालते. मीही वापरली. पण तिच्यात भरणाऱ्याला काय वाटतं तेवढंच येतं. महिन्यात नाइट किती लागल्या, ड्युटी चार्ट किती दिवस आधी कळला, हे वेगळं विचारावं लागतं. मी वाचलेल्यांपैकी बहुतेकांनी ते विचारलेलं नाही.

शिवाय दोन्ही उत्तरं एकाच माणसाची, एकाच बैठकीतली. नाइट करून आलेली व्यक्ती दोन्हीकडे वरचेच आकडे गोल करणार ना?

आणि ‘सोडायचा विचार’ म्हणजे सोडणं नव्हे. ग्रिफेथ, होम आणि गर्टनर यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा विचार आणि प्रत्यक्ष सोडणं यांचा सहसंबंध ०.३८ च्या आसपास निघाला. वर्ग केला तर ०.१४. बाकी सगळ्या घटकांच्या तुलनेत हा चांगलाच आकडा आहे, ते मान्य. तरीही सोडण्यातला बराच मोठा भाग त्याच्या बाहेर राहतो.

तो भाग मला घरातच भेटला. माझी मावसबहीण एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होती. माझ्या प्रश्नावलीची चाचणी घेताना पहिला फॉर्म तिनेच भरला. ओढाताण मध्यम, सोडायचा विचार जवळजवळ शून्य. तीन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. मी विचारलं, “ताई, तू तर नाही लिहिलं होतंस?” ती म्हणाली, “अगं, विचार नव्हताच. रिलीव्हर आली नाही म्हणून सलग दुसरी ड्युटी लावली. घरी पोरगं तापाने फणफणलेलं. तिसऱ्यांदा झालं हे. निघाले.”

आता कोणी तिच्या वॉर्डात सर्वेक्षण केलं तर ताई त्यात नसेल. ज्यांना निभावता आलं, किंवा कर्जामुळे, बाँडमुळे जाता आलं नाही, त्यांचेच फॉर्म मिळतील. आणि त्यांच्यावरून आपण सोडणाऱ्यांबद्दल लिहिणार.

दुसरी वाट आहे, आणि ती जुनी आहे. लिंडा एकेन यांच्या गटाने २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला. एका नर्सकडे किती रुग्ण, हे त्यांनी रुग्णालयनिहाय काढलं. दर एका जादा रुग्णामागे बर्नआउटचे ऑड्स २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दलच्या असमाधानाचे १५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. हाही एका वेळचाच अभ्यास, त्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण ज्या गोष्टीचा आकडा येतो, ती बदलणं व्यवस्थापनाच्या हातात असते. तिथे कोणी योगाची सतरंजी पुढे करू शकत नाही.

म्हणून मी माझ्या अभ्यासासाठी एका रुग्णालयाकडे मागच्या सहा महिन्यांचे ड्युटी चार्ट मागितले, नावं खोडून. उत्तर मिळालं, “फॉर्म हवे तेवढे भरून घ्या, चार्ट देता येणार नाहीत.” सोमवारी पुन्हा अर्ज देऊन आलेय.