हौस, वर्गणी आणि देणगीची खिडकी

माझा भाचा कॉलेजात असताना ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत असे. २००८च्या दिवाळीत तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा पडद्यावर एक बाण फिरताना दिसला. पुढची कामगिरी कुठे आहे आणि हातातली पाच-सहा कामे कोणत्या क्रमाने केली म्हणजे पायपीट कमी होईल, हे तो बाण दाखवत होता. कंपनीने छान सोय केली आहे, असे मी म्हणालो. ‘‘कंपनीने नाही, मामा. कुणीतरी स्वतः लिहून फुकट देऊन टाकलंय.’’ मग त्याला काय मिळते, या माझ्या प्रश्नावर त्याने एकाच शब्दात उत्तर दिले : ‘‘हौस.’’

त्या बाणाचे नाव ‘क्वेस्टहेल्पर’. मी काही गेम खेळणारा माणूस नव्हे. पण भाच्याने त्याचे फोल्डर उघडून दाखवले तेव्हा मी चकित झालो. आत साध्या मजकुराच्या फायली होत्या, नोटपॅडमध्ये सहज उघडणाऱ्या. ‘लुआ’ नावाच्या छोट्याशा भाषेत लिहिलेल्या त्या ओळी मी पुढचे काही महिने कोशात शब्द शोधावा तशा एकेक करून लावत गेलो. या विषयात माझे शिक्षण झाले ते एवढेच, आणि तेही त्या फायली कुणाला लपवता येत नव्हत्या म्हणून झाले. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

हे अ‍ॅडऑन बाहेरची माणसे लिहीत, पण त्यांना दार उघडून दिले होते ते ब्लिझर्ड कंपनीनेच. २००४च्या नोव्हेंबरात गेम बाजारात आला तेव्हापासून नकाशा, बटणे, पिशवीतल्या वस्तूंची मांडणी असा पडद्याचा दर्शनी भाग खेळाडूंना बदलता येत असे. खेळाचे मूळ नियम मात्र कंपनीच्या हाती. गेमला अमेरिकेत दरमहा सुमारे १५ डॉलर वर्गणी होती आणि २००८च्या अखेरीस कंपनीने वर्गणीदारांचा आकडा १ कोटी १५ लाख सांगितला होता. एवढी वर्गणी जिथे जमा होते, तिथे लोकांनी हौसेने लिहिलेल्या या वस्तू जवळजवळ अनिवार्य होऊन बसल्या होत्या. मोठ्या गटाबरोबर लढाईला जायचे तर अमुक अ‍ॅडऑन हवेच, असे गटप्रमुखच बजावत.

मार्च २००९मध्ये कंपनीने अ‍ॅडऑनविषयी धोरण जाहीर केले. अ‍ॅडऑन विनामूल्यच असले पाहिजे. त्याचा कोड पूर्ण उघडा आणि वाचता येण्याजोगा असला पाहिजे. त्यात जाहिरात नको. गेम चालू असताना खेळाडूकडे देणगीही मागायची नाही. मागायची तर स्वतःच्या संकेतस्थळावर मागा. ‘कार्बोनाइट’सारखे अ‍ॅडऑन तोवर पैसे घेऊन मिळत होते, ते फुकट करावे लागले. ‘क्वेस्टहेल्पर’ आणि ‘आउटफिटर’ यांच्या लेखकांनी उघड निषेध केला, काम थांबवण्याची भाषा झाली. खेळाडूंमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, कंपनीची वास्तू, कंपनीचे नियम. हौस म्हणून लिहिता, मग पैशाची बात कशाला? दुसरा म्हणे, वर्गणी कंपनीने घ्यायची आणि गेम खेळण्यासारखा करायचा आम्ही, तोही फुकटात?

या वादात सर्वांत ढिला वापरला गेलेला शब्द म्हणजे ‘फुकट’. त्याच्या पोटात दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी माझ्या मर्जीने दिले ते फुकट, आणि मला मागायची मनाई आहे म्हणून दिले तेही फुकट. पहिले दान, दुसरे वेठ. घेणाऱ्याच्या हातात पडणारी वस्तू दोन्ही वेळा तीच असते, म्हणून त्याला फरक जाणवत नाही. मराठी वाचकाला ही गल्लत नवी नसावी. ‘हौशी रंगभूमी’ हा शब्द आपण किती प्रेमाने उच्चारतो. पण हौशी मंडळानेही प्रयोगाआधी नाटककाराची परवानगी घ्यायची आणि त्याचे मानधन द्यायचे, हा संकेत आपण मानतो. नटाची हौस ही नाटककारावर लादता येत नाही.

धोरणाची कलमे एकगठ्ठा स्वीकारण्याचे किंवा नाकारण्याचे कारण नाही. उघड्या कोडचे कलम मला उत्तम वाटते. माझ्यासारखा माणूस त्या फायली वाचू शकला, एकाने सोडलेले काम दुसऱ्याला उचलता आले, आत काही घातक दडवले नाही ना हे कुणालाही तपासता आले. जाहिरातीच्या बंदीचेही समर्थन करता येईल. विक्रीच्या बंदीबाबत कंपनीची बाजू निदान ऐकण्यासारखी आहे : दोघेही तीच वर्गणी भरतात, मग एकाजवळ विकत घेतलेला जास्तीचा बाण का असावा? देणगीची खिडकी मात्र निराळी. डझनभर अ‍ॅडऑन लावलेल्या खेळाडूसमोर डझनभर झोळ्या पसरल्या जातील, ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर ‘महिन्यातून एकदाच’ किंवा ‘फक्त माहितीच्या पानावर’ असे उपाय होते. सरसकट मनाई केली तेव्हा, ज्या जागी वापरणाऱ्याला उपकाराची आठवण व्हावी नेमकी तीच जागा बुजवली गेली. दुसऱ्या पानावर जाऊन कृतज्ञ होणारी माणसे थोडीच असतात.

त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या ३.३ क्रमांकाच्या सुधारणेत कामगिरीची ठिकाणे गेमच्या स्वतःच्या नकाशावर दिसू लागली. बाणाची गरज बरीचशी संपली. यात चोरी झाली असे मी म्हणणार नाही. नकाशावर खूण करण्याची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. पण हौसेने केलेल्या कामाचा एक उपयोग यातून दिसतो. लोकांना काय हवे आहे, याची चाचणी कंपनीला बिनखर्चात मिळते.

हा वाद २००९मध्ये जन्मला असे मानणाऱ्यांनी थोडे मागे जावे. १९९५च्या अखेरीस ‘डूम’ या गेमच्या चाहत्यांनी एक मोठा पातळीसंच तयार केला होता आणि तो सर्वांना फुकट मिळणार म्हणून लोक वाट पाहत होते. ऐन वेळी तो मूळ गेमच्या कंपनीने विकत घेतला आणि १९९६मध्ये ‘फायनल डूम’ या विकाऊ संचात आणला. निर्मात्यांना मोबदला मिळाला, आणि वाट पाहणारे त्यांच्यावरच चिडले. दिलेला शब्द मोडला, असे त्यांचे म्हणणे. दान करणाऱ्याने विचार बदलला की घेणाऱ्याला फसवणूक वाटते. हौसेचा हाही एक पैलू आहे, आणि तो माझ्या बाजूला अडचणीचा आहे.

त्याहून बोलका आहे ‘ड्यूक न्यूकेम ३डी’चा खटला. या गेमबरोबर नव्या पातळ्या रचण्याचे साधन दिले होते. अट अशी की रचलेली पातळी इतरांना फुकटच द्यायची. ‘मायक्रो स्टार’ नावाच्या कंपनीने खेळाडूंनी रचलेल्या ३०० पातळ्या इंटरनेटवरून गोळा केल्या, सीडीवर उतरवल्या आणि ‘न्यूक इट’ नावाने विकायला काढल्या. हक्कदार ‘फॉर्मजेन’शी वाद झाला आणि १९९८मध्ये अमेरिकेतल्या नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने फॉर्मजेनच्या बाजूने कौल दिला. साहित्याच्या वाचकाने या निकालाचा तर्क मुद्दाम पाहावा. पातळीच्या फायलीत मूळ गेमचे एकही चित्र नसते. कुठले चित्र कुठे ठेवायचे एवढीच त्यात सूचना. तरीही न्यायालय म्हणाले, या फायली ड्यूकच्या साहसांच्या नव्या गोष्टी सांगतात, म्हणजे त्या कथेचा पुढचा भाग ठरतात. आणि पुढचा भाग लिहिण्याचा हक्क मूळ कर्त्याचा. याच न्यायालयाने १९९२मध्ये ‘गेम जीनी’ या, निन्टेन्डोचे गेम तात्पुरते बदलणाऱ्या उपकरणाची विक्री वैध ठरवली होती, कारण त्यातून कोणतीही स्थिर नवी कृती तयार होत नव्हती.

मला खटकते ते वेगळेच. त्या ३०० पातळ्या रचणारे खेळाडू खटल्यात पक्षकार म्हणून कुठेच नाहीत. भांडण विकणाऱ्या दोघांचे. रचणाऱ्यांना निकालाआधी काही मिळत नव्हते, निकालानंतरही नाही.

एप्रिल २०१५मध्ये नेमके उलटे घडले. ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड विकत घेण्याची सोय व्हॉल्व्ह कंपनीने २३ तारखेला ‘स्टीम’वर सुरू केली आणि २७ तारखेला मागे घेतली. विक्रीतला २५ टक्के वाटा मॉड करणाऱ्याचा, ३० टक्के व्हॉल्व्हचा, ४५ टक्के बेथेस्डाचा. निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. चाहते कंजूष आहेत, फुकटची सवय लागली आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो उथळ वाटतो. पहिल्याच दिवसांत मासेमारीचा एक विकाऊ मॉड मागे घ्यावा लागला, कारण त्यात दुसऱ्याने केलेल्या हालचाली वापरलेल्या होत्या. फुकटाच्या दिवसांत ही उसनवार चालून जाई. शेजारून वाटीभर साखर आणावी तशी. त्या साखरेचे पेढे करून दुकान मांडले, की शेजारीण हिशेब मागणारच. स्कायरिमचे मॉड वर्षानुवर्षे एकमेकांच्या खांद्यावर उभे राहत गेलेले होते. त्यांची वाटणी कशी करणार? आणि पाऊण हिस्सा तर या उसनवारीत कधीच नसलेल्या दोघांकडे जाणार होता.

उलट उदाहरण विमानचालनाच्या सिम्युलेटरांचे. तिथे बाहेरच्या छोट्या कंपन्यांनी बनवलेली विमाने फार पूर्वीपासून विकली जातात, कधी मूळ गेमपेक्षा चढ्या किमतीला, आणि कुणी डोळे वटारत नाही. २०२०च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये तर अशा विक्रीचा बाजार आतच आहे. कारण मला साधे दिसते. एक विमान ही बहुतांशी सुटी, पूर्ण वस्तू असते. ते कुणी केले हे सांगता येते, म्हणून पैसे कुणाला द्यायचे हेही ठरते. म्हणजे ‘अ‍ॅडऑनला पैसे घ्यावेत का’ असा एकच प्रश्न मांडून सगळ्यांना एका पारड्यात टाकणे, ही मूळ चूक आहे.

यानंतर पैसा थांबला असे मात्र नाही. त्याने वाट बदलली. वॉरक्राफ्टची अ‍ॅडऑन जिथून उतरवून घेतली जात ते ‘कर्स’ २०१६मध्ये ‘ट्विच’ने घेतले, २०२०मध्ये त्याचा अ‍ॅडऑनचा भाग ‘ओव्हरवुल्फ’कडे गेला. जाहिरातीच्या उत्पन्नातून लेखकांना गुणांच्या रूपाने वाटा मिळतो. बाण विकता येत नाही, पण बाण घ्यायला येणाऱ्यांची गर्दी विकता येते. आणि स्कायरिमचे विकाऊ मॉड डिसेंबर २०२३मध्ये परतले, या वेळी बेथेस्डाच्या स्वतःच्या दुकानात, कंपनीने मान्यता दिलेल्या निर्मात्यांचे.

भाचा आता स्वतः प्रोग्रॅमर आहे, पगारी. मध्यंतरी त्याला विचारले, त्या बाणाच्या लेखकाला तू कधी काही पाठवले होतेस का? तो जरा थांबला. ‘‘पाठवायचं मनात होतं, मामा. पण गेम बंद करून त्या साइटवर कोण जाणार?’’