स्वत्व आणि सोंग : सॅम शेपर्ड यांचे नाट्यलेखन व अभिनय

नाटककार आणि नट ही दोन कर्तृत्वे एकाच व्यक्तीत एकत्र आली, की समीक्षा बहुधा त्यांपैकी एकाला मुख्य व दुसऱ्याला आनुषंगिक ठरवून मोकळी होते. अमेरिकन नाटककार सॅम शेपर्ड (१९४३–२०१७) यांच्याबाबतही असेच घडले आहे. ‘बरीड चाइल्ड’ या नाटकासाठी १९७९ साली पुलित्झर पारितोषिक मिळविणारे नाटककार एकीकडे, आणि ‘द राइट स्टफ’ (१९८३) या चित्रपटातील वैमानिक चक येगर यांच्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन लाभलेले अभिनेते दुसरीकडे, अशी विभागणी केली जाते. प्रस्तुत लेखात या दोन अंगांचा एकत्रित विचार करावयाचा आहे. पुरुषाचे स्वत्व हेच मुळात एक सोंग आहे काय, हा शेपर्ड यांच्या नाटकांचा मध्यवर्ती प्रश्न होय; आणि त्यांचा अभिनय ही त्याच प्रश्नाची दुसरी, अधिक अडचणीची बाजू होय.

शेपर्ड यांचे मूळ नाव सॅम्युअल शेपर्ड रॉजर्स. हेच नाव त्यांच्या वडिलांचेही होते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालविणारे हे वडील पुढे मद्यासक्तीच्या आहारी गेले. १९६३ साली न्यूयॉर्कला आलेल्या मुलाने ‘रॉजर्स’ हा शब्द गाळून लेखक म्हणून नवे नाव धारण केले. पुढच्याच वर्षी ‘थिएटर जेनेसिस’ या लहानशा नाट्यगृहात त्यांच्या पहिल्या एकांकिका सादर झाल्या. त्याच काळात त्यांचा संबंध जोसेफ चायकिन यांच्या ‘ओपन थिएटर’शी आला. मानसशास्त्रीय कारणपरंपरा न दाखवता नटाने एका रूपातून दुसऱ्या रूपात शिरावे, ही या मंडळींच्या प्रयोगशीलतेची एक दिशा होती. ‘एंजल सिटी’ (१९७६) मध्ये नटांसाठी लिहिलेल्या टिपणात शेपर्ड यांनी अखंड व्यक्तिरेखेची कल्पनाच बाजूला ठेवण्यास सुचविले आहे. नटाच्या सरावातून आलेली ही दृष्टी त्यांच्या लेखनाचा पाया ठरली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्यांची कुटुंबनाट्ये वरवर पाहता वास्तववादी वाटतात. परंतु ही दृष्टी तेथेही कार्यरत आहे. ‘बरीड चाइल्ड’ (१९७८) मध्ये घरी परतलेल्या व्हिन्सला कोणीच ओळखत नाही. गाडीच्या काचेत त्याला स्वतःच्या चेहऱ्यात बापाचा, आजोबाचा आणि त्याही मागच्या पुरुषांचा चेहरा दिसतो. अखेरीस तो आजोबांच्याच पवित्र्यात सोफ्यावर आडवा होतो. वारसा म्हणून त्याला घर मिळते, तशीच एक ठरलेली भूमिकाही मिळते. ‘ट्रू वेस्ट’ (१९८०) मध्ये पटकथालेखक ऑस्टिन आणि भुरटा चोर ली हे दोघे भाऊ हळूहळू एकमेकांच्या जागी जातात. २००० साली ब्रॉडवेवर फिलिप सिमोर हॉफमन आणि जॉन सी. रायली यांनी या भूमिका आळीपाळीने केल्या. ही अदलाबदल केवळ प्रयोगाची चमत्कृती नव्हती. संहितेतच दडलेल्या अर्थाचे ते प्रकटीकरण होते.

या पार्श्वभूमीवर १९८३ हे वर्ष विशेष अर्थपूर्ण ठरते. त्या वर्षी ‘द राइट स्टफ’ मधून शेपर्ड यांनी मितभाषी, निर्भय, स्वयंपूर्ण अशा वैमानिकाची प्रतिमा उभी केली. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या ‘फूल फॉर लव्ह’ मध्ये एक म्हातारा बाप खुर्चीत बसून स्वतःच रचलेल्या थापांना वास्तव म्हणत राहतो, आणि त्याची मुले, एडी व मे, त्याच्या दुटप्पी आयुष्याचे ओझे वाहतात. पडद्यावर वैमानिकाची दंतकथा घडत होती, तर रंगमंचावर बापाची दंतकथा मोडत होती. चित्रपटातील कीर्तीने शेपर्ड यांच्यातील नाटककाराला निष्प्रभ केले, असा आक्षेप घेता येईल. परंतु ज्या प्रतिमेची चिकित्सा करावयाची, ती स्वतःच्या देहावर धारण करणारा हा लेखक होता, हे त्या आक्षेपात निसटते. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या चित्रपटात (१९८५) एडीची भूमिका त्यांनीच केली. मात्र कॅमेऱ्याने त्यांच्या चेहऱ्याला दिलेले आकर्षण संहितेतील उपहासाला काही अंशी बोथट करते, हेही मान्य केले पाहिजे. अडचण आहे ती येथेच.

या सोंगाची किंमत कोण चुकवते, हा प्रश्न ‘अ लाय ऑफ द माइंड’ (१९८५) मध्ये सर्वाधिक तीव्र होतो. बेथ ही नटी आहे. तालमीतील तिचे प्रेम खरेच असले पाहिजे, या संशयाने तिचा नवरा जेक तिला जवळजवळ मरेपर्यंत मारतो. अभिनय आणि जीवन यांतील सीमारेषा त्याला दिसत नाही, कारण स्वतःचे पुरुषत्व ही भूमिका आहे याची त्याला जाणीवच नाही. मेंदूला इजा झालेली बेथ मात्र बापाचा सदरा अंगावर चढवून पुरुषाची भूमिका जाणीवपूर्वक खेळून पाहते. शेपर्ड यांच्या नाटकांत स्त्रिया अनेकदा पुरुषांच्या द्वंद्वाच्या कडेलाच राहतात, हा दोष खरा आहे. परंतु येथे सोंगाचे सोंगपण ओळखण्याचे सामर्थ्य त्यांनी एका स्त्रीलाच दिले आहे.

चेतासंस्थेच्या असाध्य विकाराने ग्रासलेल्या शेपर्ड यांचे २७ जुलै २०१७ रोजी निधन झाले. त्याच वर्षी मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘स्पाय ऑफ द फर्स्ट पर्सन’ या गद्यकृतीत ओसरीवर खुर्चीत बसलेल्या एका आजारी माणसाला दुसरा कोणी दुरून न्याहाळतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतील अंतर क्रमाने पुसट होत जाते. देह साथ देईनासा झाल्यावरही नट आणि लेखक यांचा हा संवाद थांबला नाही. म्हणून शेपर्ड यांच्या अभ्यासात चित्रपटातील भूमिकांना परिशिष्टात ढकलणे योग्य ठरत नाही. त्या भूमिका त्यांच्या नाटकांशी वाद घालतात, आणि तो वाद ऐकल्यावाचून नाटकेही अपुरीच वाचली जातात.