पाणी नितळ झाले. शुद्ध झाले का?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास दिसतो. काचेच्या टाकीत निळे पाणी, त्यावर जलपर्णी, शेजारी आठवड्यानंतरच्या नितळ पाण्याची बाटली आणि वर फलक : 'रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्यावर निसर्गाचा उपाय'. प्रयोग स्वस्त आहे, मुले तो स्वतः करतात आणि परिणाम डोळ्यांना दिसतो. या जमेच्या बाजू आम्हांला मान्य आहेत. पण फलकावरचे विधान या प्रयोगातून सिद्ध होते का?

पहिली हरकत रंगाबद्दल. टाकीतला रंग बहुधा प्रयोगशाळेतील मेथिलीन ब्लू असतो. तो पाण्यात धनप्रभारित असतो, मुळांचा पृष्ठभाग ऋणप्रभारित. म्हणून तो मुळांना चटकन चिकटतो. सुती कापडासाठी वापरले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र ऋणप्रभारित असतात. ते तितक्या सहज चिकटत नाहीत. शिवाय चिकटलेला रंग नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. जलपर्णी तिथेच कुजली, तर तो पुन्हा पाण्यात येऊ शकतो.

दुसरी हरकत : रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. तळ्याच्या गाळात, जेथे प्राणवायू नसतो, तेथे जिवाणू अ‍ॅझो रंगांचे रेणू तोडतात. रंग जातो, पण अ‍ॅरोमॅटिक अमाइन उरतात. त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत आणि त्यांच्या पुढील विघटनासाठी प्राणवायू लागतो.

तिसरी हरकत सर्वांत मोठी, ती मिठाची. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्यावर चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात लिटरमागे अनेकदा ३० ते ८० ग्रॅम मीठ घालतात. जलपर्णी हे मीठ फारसे काढत नाहीच, उलट पानांवाटे पाणी उडवते. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ असेल आणि पाणी ८ लिटर उरले, तर लिटरमागे ३ ग्रॅमचे ३.७५ ग्रॅम होतात.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. तामिळनाडूत तिरुप्पूरच्या खाली नोय्यल नदीवर सिंचनासाठी ओरत्तुपाळयम धरण बांधले गेले. त्यात रंगाई कारखान्यांचे सांडपाणी साचत गेले आणि ते खारे पाणी शेतीला निरुपयोगी ठरले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. एवढ्या मोठ्या जलाशयालाही मीठ पचवता आले नाही.

याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी आहेत असा नाही. पाणकणसासारख्या वनस्पतींच्या मुळांभोवती जिवाणू वाढतात व सेंद्रिय घाण कमी करतात. पण ही शेवटची पायरी आहे. आधीच्या प्रक्रियेला ती पर्याय नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग टाकून देऊ नये, पुरा करावा. पाण्यात रंगासोबत मोजून मीठ घालावे. चार टाक्या ठेवाव्यात : जलपर्णीसह, जलपर्णीविना, जलपर्णीविना पण झाकून अंधारात, आणि चौथीत नुसती वाळलेली मुळे. उरलेले पाणी मोजावे. सुरुवातीच्या व शेवटच्या पाण्यापैकी १०० मिलिलिटर आटवून क्षार तोलावेत. त्याच पाण्यात मूग रुजतात का, तेही पाहावे.

मग फलक कदाचित असा होईल : 'जलपर्णीने रंग घेतला, मीठ घेतले नाही.' परीक्षकांनी या फलकाला अधिक गुण द्यावेत, असे आम्हांस वाटते.