खाडा कुणाचा, सुट्टी कुणाची?

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. 'कामाला दांडी आणि सिनेमाचा पहिला दिवस.' हसा, हरकत नाही, आम्हालाही लिहिताना हसू आलं होतं. पण एक गोष्ट बघा. सिनेमाची समीक्षा आपण पडद्यावर पहिलं दृश्य उमटतं तिथून सुरू करतो. समोर खुर्चीत बसलेला माणूस त्या वेळी खरं तर दुसरीकडे कुठे असायला हवा होता, ते आपण विचारत नाही. आज तेवढंच विचारायचं आहे, आणि त्यासाठी मुख्यतः एकच सिनेमा घेणार आहोत : पा. रंजित यांचा 'कबाली'. रजनीकांतचा. २२ जुलै २०१६, वार शुक्रवार.

त्याआधी शब्दांचा थोडा हिशेब करू, कारण आपल्या भाषेत या गोष्टीला चांगले चार शब्द आहेत आणि चारही वेगळे आहेत. 'दांडी' मारतात. ती शाळेची, कॉलेजची, फार तर ऑफिसची, आणि तिच्यात मजा आहे. 'रजा' अर्ज करून घेतात. 'सुट्टी' वरून मिळते. आणि 'खाडा' होतो. खाडा हा हजेरीच्या मस्टरमधला शब्द, गिरणीतला, मजुरीवरचा. खाडा झाला की पगार कापला जातो, मग कारण ताप असो, लग्न असो की सिनेमा असो.

आमचे मामा लालबागला एका गिरणीत साचाखात्यात होते. वर्षाकाठी त्यांचे दोन-तीन खाडे पिक्चरसाठी ठरलेले. मामी भांडायची, पण मामांनी ते पैसे आधीच बाजूला धरलेले असत. एकदा काय झालं, मध्यंतरात बाहेर आले तर समोर चहाच्या ठेल्यावर खात्याचा जॉबर! तोही खाडा करूनच आलेला. दोघांनी ओळख दिली नाही. दुसऱ्या दिवशी जॉबरनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय, ताप उतरला?" मामा म्हणाले, "उतरला. तुमची कंबर काय म्हणते?" ही गोष्ट मामा आयुष्यभर सांगत. पण तिचं शेपूट ते क्वचित सांगत, आणि आम्हाला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची पद्धत होती. कायम कामगारांपैकी आज कोण आला नाही, याची वाट बघत ही माणसं सकाळी गिरणीच्या दाराशी उभी असत. खाडा पडला तर त्यांना त्या दिवसाचं काम, नाही तर घरी परत. म्हणजे मामा अंधारात बसून नायिकेचं गाणं बघत होते तेव्हा त्यांच्या साच्यावर दुसरा कुणीतरी उभा होता, आणि त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार होती. मामांच्या एका दिवसाची किंमत मामांनी भरली, ती दुसऱ्याला मिळाली. मालकाचा माल तेवढाच निघाला.

हे डोक्यात ठेवून आता चेन्नईला चला.

'कबाली' लागायच्या आधीच्या आठवड्यात चेन्नई-बंगळुरूकडच्या काही खासगी कंपन्यांची परिपत्रकं फोनवरून देशभर फिरली. तुम्हीही पाहिली असतील. मजकूर साधारण असा : रजेच्या अर्जांचा ढीग एचआर विभागावर पडू नये म्हणून २२ जुलैला सुट्टी जाहीर करण्यात येत आहे. काही ठिकाणी वर फुकट तिकिटंही होती, म्हणजे कर्मचाऱ्यांनी चोरून काढलेली कॉपी बघायला नको. सगळ्यांनी वाहवा केली. असा मालक हवा, वगैरे. आम्हीही तो फोटो चार जणांना पाठवला, हे कबूल केलं पाहिजे.

नंतर पुन्हा वाचला तेव्हा खटकला. पहिलं म्हणजे ते पत्र कंपनीच्या लेटरहेडवर होतं आणि एका दिवसात लाखो लोकांनी वाचलं. तेवढी जाहिरात विकत घ्यायला किती पडले असते? दुसरं म्हणजे त्या परिपत्रकानं एक गोष्ट हळूच काढून घेतली. माणूस खोटं बोलून, आजीला तिसऱ्यांदा मारून, फोन बंद करून जो दिवस मिळवतो तो त्याचा असतो. त्यात धोका असतो, म्हणून त्याची चवही असते. तोच दिवस साहेबानं शिक्का मारून दिला की ती कंपनीची सहल होते. सगळा मजला एका रांगेत बसतो आणि शिट्टी मारताना शेजारी टीम लीडर असतो. आम्ही सुट्टीच्या विरोधात नाही, द्या बापडे, रोज द्या. पण दिलेली सुट्टी आणि घेतलेला खाडा यांना एकाच कौतुकात घालू नका, एवढंच आमचं म्हणणं.

असं आपल्याकडेच होतं असं समजू नका. १९ मे १९९९ रोजी, बुधवारी, अमेरिकेत 'स्टार वॉर्स'चा नवा भाग लागला, 'द फँटम मेनेस'. त्या वेळी चॅलेंजर, ग्रे अँड ख्रिसमस या सल्लागार कंपनीनं अंदाज दिला : २२ लाख पूर्णवेळ नोकरदार कामावर जाणार नाहीत आणि २९ कोटी ३० लाख डॉलरचं नुकसान होईल. हा आकडा आजही छापला जातो. आपण तो जरा उलटा करून बघू. २९ कोटी ३० लाख भागिले २२ लाख, म्हणजे माणशी सुमारे १३३ डॉलर. हा साधारण एक दिवसाचा पगार वाटतो. म्हणजे नुकसान मोजलं म्हणजे काय केलं, तर डोकी मोजली आणि पगारानं गुणली, असंच दिसतं. त्या दिवशीचं काम दुसऱ्या दिवशी झालं का, शेजारच्यानं केलं का, याला त्या गुणाकारात जागाच नाही. आणि डोक्यांचं तरी काय? त्या सिनेमानं पहिल्या दिवशी सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर कमावले. तिकीट तेव्हा सरासरी ५ डॉलरच्या आसपास. म्हणजे ५७ लाखांच्या आसपास प्रेक्षक. त्यात शाळकरी पोरं आली, कॉलेजची आली, संध्याकाळी काम संपवून आलेले आले. आणि अंदाज म्हणतो त्यातले २२ लाख पूर्णवेळ नोकरीवरून दांडी मारलेले! पाचातले दोघं! आम्हाला हे पटत नाही. पण आकडा चालला, कारण त्यानं दांडीला एक भारदस्त नाव दिलं : उत्पादकतेची हानी. गंमत म्हणजे तो सिनेमा सुरूच होतो व्यापारी मार्गांवरच्या करांच्या भांडणानं. त्यासाठी दांडी मारलेल्यांची आम्हाला थोडी दया येते.

असो. 'कबाली'कडे येऊ, कारण खरी गाठ तिथं आहे.

ज्या सिनेमासाठी ही परिपत्रकं निघाली तो सिनेमा मजुरीबद्दल आहे. किती जणांच्या लक्षात आलं? मलेशियातल्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबलेले तमिळ मजूर, त्यांना चिनी कामगारांपेक्षा कमी मजुरी, आणि समान मजुरीसाठी संप उभारणारा तरुण कबाली. तिथून तो पुढारी होतो, मग टोळीचा म्होरक्या होतो, मग २५ वर्षं तुरुंगात जातो. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो सुटण्याच्या बेतात आहे आणि कोठडीत बसून पुस्तक वाचतोय : वाय. बी. सत्यनारायण यांचं 'माय फादर बालय्या'. रेल्वेत नोकरी करत वर आलेल्या तेलंगणातल्या एका दलित कुटुंबाची ती कहाणी आहे. आता डोळ्यासमोर आणा : बाहेर कटआउटवर दुधाचे घडे, आत नाण्यांचा-कागदांचा पाऊस, कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या, आणि पडद्यावर सुपरस्टारच्या हातात एका रेल्वे कामगाराच्या घराची गोष्ट. पहिल्या खेळाला ते मुखपृष्ठ किती जणांना दिसलं असेल?

रंजित यांनी हे मुद्दाम केलं, आणि ते धाडसाचं होतं. पण आमची तक्रारही इथंच आहे. संपाचा भाग सिनेमात फ्लॅशबॅकमध्ये पटकन उरकला जातो. मजुरीचा प्रश्न नायकाची ओळख करून देतो आणि बाजूला होतो. पुढे टोनी ली नावाचा खलनायक, पिस्तुलं, गाड्या. २५ वर्षांपूर्वी किती मजुरी मागितली होती, ती मिळाली का, मळ्यांचं पुढे काय झालं, हे कबाली बाहेर आल्यावर कुणाला विचारत नाही. तो सूट घालतो, आणि सूट का घालायचा यावर त्याचं म्हणणं आहे, आंबेडकरांचं नाव त्यात येतं. ते म्हणणं आम्हाला मनापासून आवडतं. पण सूट एकाच्या अंगावर आहे. मळा मागे राहिला.

सिनेमातला सर्वांत चांगला भाग शांत आहे. हरवलेली बायको जिवंत असेल या आशेनं कबाली भारतात येतो, शोधत पाँडिचेरीपर्यंत जातो, आणि कुमुदवल्ली भेटते. ही भूमिका आपल्या पुण्याच्या राधिका आपटेची. तो वयस्क माणूस तिच्यासमोर उभा राहतो आणि त्याला बोलता येत नाही. रजनीकांत किती चांगला नट आहे, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी तिथं आठवलं. नेमक्या याच भागावर पहिल्या दिवशीचा प्रेक्षक नाराज झाला. हळू आहे, रडका आहे, आमचा रजनी कुठाय. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. परिपत्रकानं त्यांना उत्सवाला पाठवलं होतं, आणि पडद्यावर एक माणूस आपली हरपलेली २५ वर्षं मोजत बसला होता.

आता ज्यांना परिपत्रक मिळालं नाही त्यांचं काय? बेंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड बसमध्ये कंडक्टर होता, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याचा मूळ प्रेक्षक तोच : रिक्षावाला, हमाल, बांधकामावरचा, हॉटेलातला पोऱ्या. 'बाशा'तला रिक्षावाला माणिकम आठवा. या माणसाला एचआर नाही. रिक्षा उभी ठेवली की त्या दिवसाचा धंदा गेला, त्याचा खाडा त्याच्याच खिशातून. वर 'कबाली'च्या वेळी कंपन्यांनी पहिल्या दिवसांची तिकिटं घाऊकीनं उचलली म्हणून चाहत्यांची ओरड होतीच. तमिळनाडूत मल्टिप्लेक्सचं तिकीट तेव्हा जास्तीत जास्त १२० रुपये, पण तो दर खिडकीवरचा. खिडकीपर्यंत पोचायला तिकीट तर उरायला हवं! बेंगळुरूहून चाहत्यांना घेऊन खास विमान चेन्नईला आलं, त्याचे फोटो आपण पाहिले. रिक्षावाल्याचा फोटो कुणी काढला नाही.

या माणसाची एक सोय होती, पहाटेचा खेळ. चारला आत, सातला बाहेर, आणि रिक्षा स्टँडवर. खाडा नाही, झोप गेली तर गेली. जानेवारी २०२३ मध्ये 'तुनिवू'च्या वेळी चेन्नईत थिएटरबाहेर एका चाहत्याचा लॉरीवरून पडून मृत्यू झाला. त्यानंतर सरकारनं पहाटेचे खेळ आवरले. जीव गेला होता, निर्णय समजण्यासारखा आहे. पण परिणाम बघा. त्याच वर्षी १० ऑगस्टला, गुरुवारी, रजनीचा 'जेलर' लागला तेव्हा तमिळनाडूत पहिला खेळ सकाळी ९ चा. म्हणजे बरोबर कामाच्या वेळेत. आणि पुन्हा एका कंपनीचं सुट्टीचं आणि फुकट तिकिटांचं परिपत्रक फिरलं, पुन्हा वाहवा झाली. रिक्षावाल्याचा मात्र आता खाडाच.

आपल्याकडे 'सैराट'च्या वेळी, त्याच २०१६ सालात, उलटं घडलं होतं. सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला रात्री १२ चे आणि पहाटे ३ चे खेळ लावावे लागले, एवढी मागणी. तिथं कुणी कुणाला सुट्टी दिली नाही. दिवसभर राबून माणसं जेवून-खाऊन रात्री निघाली, आणि थिएटरवाल्यानं आपलं घड्याळ त्यांच्या घड्याळाला लावलं. आम्हाला कुणी विचारलं की पहिल्या दिवसाचा चांगला प्रेक्षक कुठला, तर आम्ही लेटरहेडवाला मजला दाखवणार नाही, रहिमतपूरचा पहाटे ३ चा खेळ दाखवू.

एक राहिलं. हे सगळे खाडे ज्यांच्या जिवावर होतात त्यांचं नाव कुठल्याच हिशेबात नाही : तिकीट फाडणारा, बॅटरी दाखवणारा, मशीनवर बसणारा, आणि खेळ संपल्यावर नाणी-कागद झाडणारी बाई. पहिल्या दिवशी त्यांना रजा मागायचीही सोय नसते. मामांच्या ओळखीचा एक डोअरकीपर होता, भेटला की मामा विचारत, "कसा आहे रे पिक्चर?" तो म्हणे, "गाणी चांगली आहेत." कारण दाराबाहेर गाणीच ऐकू यायची.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, चहा मागच्या बाजूला ठेवलेला आहे.