वहीतले झाड, खाडीतले झाड

‘चित्र काढा, मन शांत होईल,’ असे अलीकडे वारंवार ऐकू येते. यात तथ्य किती? त्यासाठी एक जुना चित्रसंग्रह आपल्या उपयोगी पडेल.

पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पतिउद्यान होते. त्याची देखरेख करणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात सुमारे १७० जलरंगचित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. चित्रकार बहुधा पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता. गिब्सन यांचे नाव राहिले, त्याचे मात्र नोंदले गेले नाही.

वनस्पतिचित्राची कसोटी साधी आहे. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या किती, हे चित्र पाहणाऱ्याला कळले पाहिजे. त्यासाठी काढणाऱ्याने ते आधी मोजलेले असावे लागते. हात चालण्यापूर्वी डोळा थांबतो. मनाला विसावा मिळत असेल तर तो बहुधा या थांबण्यातूनच.

प्रयोग काय सांगतात? अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे चित्र, कोलाज किंवा मातीकाम केले. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक कमी झाले (२०१६). पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि हे संप्रेरक सकाळनंतर एरवीही उतरत जाते. तेव्हा चित्रकलेला लगेच औषध म्हणणे घाईचे ठरेल. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचा त्याच वर्षीचा निष्कर्ष अधिक पक्का आहे: नुसत्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा ज्यांचे चित्र काढले ते शब्द जास्त आठवतात.

या चित्रपरंपरेत एक उणीवही आहे. पांढऱ्या कागदावर झाड एकटे उभे असते. त्याची जागा दिसत नाही. बागेतल्या फुलाला हे चालून जाते. पेण तालुक्यातील गडबच्या परिसरात, धरमतर खाडीच्या पट्ट्यात, उगवणाऱ्या तिवराला मात्र चालणार नाही. चिखलात हवा कमी, म्हणून त्याची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी वर येतात. चिखल वगळला तर त्या मुळांचा अर्थच हरवतो.

आणि आपल्या प्रयोगवह्या? खाडी जवळ असूनही विद्यार्थी पुस्तकातली जास्वंद उतरवतो, आणि गुण रेघेच्या सफाईला मिळतात. यात ना निरीक्षण, ना विसावा. उरते ती ‘मला चित्र येत नाही’ ही धास्ती.

ओहोटीच्या वेळी, चिखलात न उतरता, मुलांना काठावर न्यावे. प्रत्येकाने तिवराची एकच डहाळी वीस मिनिटे पाहून काढावी. पाने समोरासमोर का? मागची बाजू पांढुरकी का? पान जिभेला लावले तर खारट का लागते? पान जादा मीठ बाहेर टाकते, हे नंतर सांगावे. रबर देऊ नये; चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी. चित्राशेजारी तारीख, जागा आणि पडलेला एक प्रश्न लिहावा. गुण द्यायचेच तर प्रश्नाला द्यावेत.

आणि चित्राखाली काढणाऱ्याने स्वतःचे नाव घालावे. दापोडीच्या चित्रकाराचे ते राहून गेले.